काढून टाकू की राहू दे?

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या आहेत. खरं तर त्याचा दोष नाही, दोष त्याच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा. पेणजवळ जोह्याला आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची एक लांब शेड. कॉम्प्युटर मात्र घरात, पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर. हंगामात गिऱ्हाईक आलं की चपला काढून थेट त्या टेबलाशी येतं, खिशातून पेन ड्राइव्ह काढतं आणि म्हणतं, "यात फोटो हाय, मंडळाला असाच गणपती पायजे."

गणपतीचं काम घेऊन दारात आलेल्याला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. काम झेपणारं नसलं तरी आधी फोटो बघायचा, चहा द्यायचा, मग काय ते बोलायचं. त्यामुळे तो पेन ड्राइव्ह कुठल्या डीजेच्या लॅपटॉपमधून, कुठल्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानातून फिरून आलाय हे विचारायची सोय नाही. आला की लावायचा.

मी रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात बिलांचं काम करते. तिथं पेन ड्राइव्ह नुसता टेबलावर ठेवला तरी कॉम्प्युटर बघणारा माणूस डोळे वटारतो. दिवसभर त्या कडक सोवळ्यात काम करायचं आणि एसटीनं पेणला, तिथून जोह्याला घरी येऊन बघावं तर आपल्या कॉम्प्युटरला कुणाचाही पेन ड्राइव्ह लावलेला. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. नवरा म्हणायचा, "अगं, अँटीव्हायरस हाय ना?"

होता. फुकटचा. आणि तोच तर माझ्या डोक्याला ताप झाला होता.

पण त्याआधी मला भीती कशाची होती ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्या तेवढ्यावरून ही बाई का तडतडते असं वाटेल. माझे सासरे, म्हणजे आबा, डोळ्यांची आखणी करत. मूर्तीला रंग लागला, दागिने झाले, सगळं झालं की शेवटी डोळे. आबांच्या गणपतीसमोर कुठंही उभं राहा, तो तुमच्याकडेच बघतोय असं वाटतं. रागानं नाही, कौतुकानंही नाही. घरी उशिरा आलेल्या पोराकडे बाप बघतो तसं. मला त्या नजरेचा इतका लळा लागला होता, की लग्न होऊन आल्यापासून दर हंगामात मूर्ती बाहेर जायच्या आधी मी प्रत्येकीच्या चेहऱ्याचा जवळून फोटो काढत असे. कॅमेरा केव्हाच बिघडला, त्याचं कार्ड कुठं गेलं देव जाणे. ते सगळे फोटो फक्त या कॉम्प्युटरमध्ये, 'गणपती' नावाच्या फोल्डरमध्ये होते.

आदल्या दिवाळीनंतर आबांचा हात कापायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. हंगाम आला तशी आबांनी कुंचला हातात घेतला, एका मूर्तीच्या डोळ्याजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि न टेकवता खाली ठेवला. मग उठून शेडच्या बाहेर गेले. त्या दिवसापासून आखणी नवऱ्याच्या अंगावर पडली. तो मूर्ती पाटावर घेऊन कॉम्प्युटरपाशी बसायचा, आबांनी आखलेले डोळे स्क्रीनवर मोठे करायचा आणि बघून बघून आखायचा. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं त्या डोळ्यांसाठी येत होती. फोटो गेले असते तर ते डोळेच गेले असते. दुसरीकडे कुठं नव्हतेच ते.

म्हणून मला चैन नव्हतं. फुकटचा अँटीव्हायरस तासा-दोन तासांनी टुंग करून एक चौकट दाखवायचा. कधी म्हणायचा धोका आहे, कधी म्हणायचा पैसे भरा म्हणजे पुरतं रक्षण करतो. खरा धोका कुठला आणि जाहिरात कुठली, काही कळायचं नाही. मी त्याला फुकट फौजदार म्हणायचे. ऑफिसात बिलं तपासतानाही तो टुंग कानात वाजायचा. जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर पैशाचं चांगलं की फुकटचं चांगलं हेच वाचत बसे. एक जण म्हणे फुकटचं पुरेसं, दुसरा म्हणे फुकटच्या भरवशावर राहणारा मूर्ख. वाचून उठले की आधीपेक्षा जास्त घाबरलेली असे.

"पैशाचं घेऊ या," मी म्हटलं.

"जो हाय तो वरडतोय ना वेळेवर?" नवरा म्हणाला. "मग पैशाचा काय जास्त वरडणार?"

आबा आमच्याकडे बघत बसले होते.

शेवटी पेणला रामवाडीत एक कॉम्प्युटरवाला आहे, त्याच्याकडे गेले. त्यानं समजावलं की व्हायरस पकडायची ताकद दोन्हींची बरीचशी सारखीच, पैशाच्यात बाकीच्या सोयी जास्त. एक महिना फुकट वापरून बघा, पटलं तर घ्या, असं सांगून त्यानं ते कसं घालायचं तेही दाखवलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी जुनं काढून नवं घातलं आणि तपासणी लावली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती. मी उठत होते, बसत होते, ओटा पुसून येत होते, पुन्हा बघत होते. अखेर त्यानं सांगितलं, सगळं साफ झालं. एकदाही टुंग नाही, एकदाही विचारणं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याला हाक मारली, बघा म्हटलं, याला म्हणतात काम.

तो हात पुसत आला, खुर्चीत बसला, आणि म्हणाला, "अगं, गणपती कुठंय?"

फोल्डर नव्हतं. शेताच्या कागदांचं होतं, पोरीच्या शाळेचं होतं, 'गणपती' नव्हतं. मी सगळीकडे शोधलं. कचऱ्याच्या डब्यात बघितलं, नाव टाकून बघितलं. बाहेर शेडमध्ये रंगवलेल्या मूर्ती प्लास्टिक पांघरून उभ्या होत्या, एकीलाही डोळे नव्हते.

आबा दारात येऊन उभे राहिले. "काढलंस ना गो?" त्यांनी विचारलं.

"मी काही काढलं नाही आबा, त्यानंच काढलं. न विचारता."

"तो जुना विचारायचा," आबा म्हणाले. "लाल बटण दाबलं तर काढतो, पांढरं दाबलं तर ऱ्हाऊ देतो. गणपतीचं नाव आलं की मी पांढरं दाबायचो."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मी पण पांढरंच दाबतो. गणपती काढून टाकायचा म्हणजे... हात नाय होत."

माझं डोकं फिरलं. म्हणजे तो बिचारा फुकट फौजदार इतके दिवस चोर पकडून आणत होता, आणि आमच्या घरची माणसं त्याला पाटावर बसवून सोडून देत होती! मी मोठ्यानं बोलले. आबांसमोर इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. "तो फोटो असतो आबा! फाईल असते नुसती!"

"फोटूच हाय," आबा म्हणाले. "पण डोळे आखलेला हाय. एकदा डोळे दिले की त्याला आरती केल्याबिगर घालवत नाय आपण. आन ते डोळे…" ते थांबले. हात कमरेमागे घेतला, कापतो तो दिसू नये म्हणून. "माझे तेवढेच ऱ्हायले होते ना गो."

मला रडू आलं आणि रडू येतंय याचाच राग आला.

त्याच कपड्यांत मी नवऱ्याच्या मागं मोटरसायकलवर बसले आणि कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन रामवाडीला गेले. रविवार असूनही दुकान उघडं होतं. वाटेत मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुकानदारानं वायरी जोडल्या, दोनचार ठिकाणी दाबलं, आणि हसला. पेन ड्राइव्हमधून आलेला एक किडा असतो म्हणाला. तो खरं फोल्डर लपवतो आणि त्याच नावानं, तसंच दिसणारं सोंग घेऊन पुढं बसतो. त्याच्यावर दाबलं की तो खरं फोल्डर उघडूनही दाखवतो, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. अँटीव्हायरसनं सोंग काढलं. खरं आतच आहे, लपवलेलं. त्यानं लपवलेलं दाखवा असं काहीसं केलं आणि पडद्यावर आबांचे सगळे गणपती एकदम माझ्याकडे बघायला लागले. उशिरा आलीस, असं.

मी आधी त्यांची एक प्रत दुकानातूनच घेतलेल्या छोट्या डिस्कवर करून घेतली आणि ती डिस्क ब्लाउजात ठेवली. मग दुकानदाराला म्हटलं, ते नवं काढा, जुनंच घाला. तो म्हणाला, ताई, पैशाच्यालाही विचारायला लावता येतं, सेटिंग असतं. म्हटलं, फुकटवाला आपणहून विचारतो, मग विचारायला लावण्याचे पैसे मी का भरू? विचारणारा हवा आहे मला. आमच्या घरात न विचारता काही काढून चालत नाही. त्याला ते कितपत कळलं माहीत नाही. पण त्यानं जुनं घालून दिलं.

रात्री मी आबांना सोंगाचं सगळं समजावलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही. सकाळी एक मंडळवाला आला, चहा पिऊन, पेन ड्राइव्ह लावून गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच टुंग झालं. चौकटीत गणपतीचं नाव, खाली लाल आणि पांढरं. आबा खुर्चीत बसलेले. मी मागं उभी राहिले.

"ह्यो सोंगवाला का?" आबांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "खरे डिस्कमधी हायत आबा. कपाटात ठेवलेत."

आबांनी स्क्रीनला हात जोडले. पुटपुटत सुखकर्ता म्हणायला लागले. मी टाळ्यांचा ठेका धरला, काय करणार. शेडमधून नवरा डोकावला आणि दारातच हात जोडून उभा राहिला. आरती संपली. आबांनी माउस धरला. बाण लालवर जायचा, निसटायचा, पांढऱ्यावर जायचा. पुन्हा आणला, पुन्हा निसटला. आजवर त्या हाताला मदत करायला कुणी पुढं झालं की आबा झिडकारून टाकत. मी हलले नाही.

"धर गो हात," आबा म्हणाले.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी लवकर या," आबा म्हणाले, आणि आम्ही लाल दाबलं.

मग आबा उठले, शेडमध्ये गेले, एका मूर्तीवरचं प्लास्टिक काढलं आणि कुंचला उचलला. नवरा डोळ्यांच्या फोटोंसाठी कॉम्प्युटर चालू ठेव असं सांगायला माझ्याकडे वळत होता.

"कॉम्प्युटर ऱ्हाऊ दे," आबा त्याला म्हणाले. "तू ये. हात धर."