काकांच्या कानातली वाफ

कामाबद्दल कुणी विचारलं की काका म्हणत, "पाणी उकळतो. बायकोही तेच करते. तिचा चहा होतो, माझी वीज." कोळशाच्या धगीवर वाफ होई, वाफेच्या जोराने टर्बाइन गरगरे आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून शहराला वीज मिळे. त्या गरगरणाऱ्या धुडाशेजारी काकांचं आयुष्य गेलं. बेअरिंगला सळई टेकवून तिचं दुसरं टोक कानाशी धरायचं आणि यंत्राची तब्येत सांगायची, यात आपला हात धरणारा कुणी नाही, असा त्यांचा समज. त्या भरात कान कधी गेले, ते मात्र त्यांना ऐकू आलं नाही. बायकोने मीठ मागितलं की ते पिठाचा डबा पुढे करत.

शेवटी मुलीने धरूनबांधून नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं.

ते लावून काका कामावर गेले. नियमाप्रमाणे वरून आवाज अडवणारी जाड कानझाकणं चढवली आणि दचकलेच. बारीक, तीक्ष्ण शिट्टी! पुढे गेले, तरी शिट्टी. मागे आले, तरी शिट्टी. नक्कीच कुठेतरी वाफ गळतेय! एवढी तापलेली वाफ गळताना दिसत नाही आणि माणसाला जिवंत सोडत नाही. काकांनी लाल बटण दाबलं. टर्बाइन बंद पडलं, अर्ध्या शहराचे पंखे थांबले.

इंजिनिअर मॅडम धावत आल्या. "काका, गळती कुठंय?"

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मॅडमनी त्यांची कानझाकणं काढली. शिट्टी गेली. पुन्हा लावली, पुन्हा शिट्टी.

"काका," त्या हसू दाबत म्हणाल्या, "कानातलं मशीन झाकलं की शिट्टी मारतं. वाफ तुमच्या कानातून गळतेय."

टर्बाइन असं लगेच सुरू होत नाही. आधी हळूहळू फिरवायचं, मग बेताबेताने वाफ द्यायची. तोवर काका तिथेच, धरणी दुभंगायची वाट पाहत उभे.

घरी बायको तापलेली होती. "तासभर लिफ्टमध्ये अडकले! कुठल्या मेल्याने वीज घालवली?"

गप्प बसता आलं असतं. "तुझ्यासमोर उभाय तो," काका म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. गाढवपणा करायचाच, तर शहराला कळेल एवढा तरी करावा.

बायको पदर तोंडाला लावून हसली. ताटं घेताना सवयीने पुटपुटली, "अगदीच बावळट ध्यान."

"ऐकू आलं," काका म्हणाले.

तिच्या हातातलं ताट निसटलं. वर्षानुवर्षांची तिची सोय गेली होती.