ओल्या भिंतीवरचा रंग
परवा जूचंद्रला एका घराच्या कामावर चुना विझवत होते, त्या गरम, ओल्या वासासरशी माझं डोकं पुन्हा तापलं. पापडीला आमचं घर बांधताना मी हट्टाने गावातल्याच एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं होतं. त्याने महिनाभर खड्ड्यात चुना मुरवला, गुळाचं पाणी घातलं आणि गिलावा दगडाने असा घोटला की भर मे महिन्यात भिंतीला गाल लावावासा वाटे. "पावसाळा जाईपर्यंत रंग नको लावू," एवढंच त्याने बजावलं. पण घराच्या आशीर्वादाला फादर येणार, पाहुणे येणार, म्हणून आदल्या दिवशी मी ऑफिसात असताना माझ्या थोरल्या भावाने सगळ्या भिंतींना ऑइलपेंट फासला. लोकांना चकाकी दिसली म्हणजे झालं! दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या गवंड्याने भिंतीवर तळवा ठेवला आणि विचारलं, "आतलं पानी आता जाईल कुठं?" भाऊ नुसता हसला. पावसात भिंतींना फोड आले, पापुद्रे गळायला लागले, तेव्हा हाच भाऊ चर्चच्या आवारात सगळ्यांना सांगत सुटला, "म्हाताऱ्याला कामच येत नाही, सिमेंटच हवं होतं." त्यानंतर गावात त्या गवंड्याला कोणी कामाला बोलावलं नाही. भावाचा राग मला आजही येतो. पण त्या आवारात मी भावाच्या शेजारीच उभा होतो आणि तोंडातून एक शब्द काढला नाही, त्याचं काय करू?