जिन्यापर्यंतचा नागरिक

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत बसले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "जेवून आडवे झाले होते गं... उठलेच नाहीत." मीरा रोडला पोचले तर इमारतीखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि ज्यांनी दादाशी बोलणं टाकलं होतं तीच माणसं धावपळ करत होती. कुणी फुलं आणली, कुणी शववाहिनी बोलावली. वाईट कुणीच नव्हतं. याचंच मला जास्त रडू आलं.

दादा माझा थोरला भाऊ, विमा कंपनीत नोकरीला. परळची खोली सोडून इथे आला तेव्हा त्याच्या गॅलरीतून मिठागरं दिसायची. इमारतीत बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे. रविवारी जिना चढताना कुणाकडे बांगडा तळतायत आणि कुणाकडे सुकट भाजतायत ते वासावरून कळे. पुढे एकेक जण फ्लॅट विकून विरारकडे सरकला. नवे सभासद आले ते बहुतेक शाकाहारी. भांडण असं कधी झालं नाही. दिवाळीत फराळाची ताटं इकडून तिकडे जायची, आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून दादालाच दर वेळी निवडून द्यायचे.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांनी फ्लॅट विकायला काढला. घेणारी जवळच्याच उत्तन कोळीवाड्यातली मॅगीबाई. नवरा समुद्रावर गेलेला परत आला नव्हता. मासे विकून तिनं मुलाला शिकवलं आणि आता तो मीरा रोडलाच बँकेत लागला होता. बोलणी पक्की झाली. तेवढ्यात सभेत ठराव आला, की यापुढे मांसाहारी कुटुंबाला फ्लॅट विकायचा नाही. "दादा, मेजॉरिटी है. लोकशाही में और क्या होता है?" खालच्या मजल्यावरचे शेठ अगदी प्रेमानं म्हणाले. दादा उभा राहिला. "मेजॉरिटीनं सेक्रेटरी बदलता येतो, शेठ. कुणाचा हक्क नाही काढून घेता येत. जो एकटा पडलाय त्याच्यासाठीच तर संविधान लिहिलंय." हात वर झाले. त्यात आपल्या दोन जुन्या शेजाऱ्यांचेही होते, घरी मासे खाणाऱ्यांचे... मान खाली घालून वर केलेले. दादानं ठरावावर सही केली नाही. पुढच्या सभेत सेक्रेटरी बदलला.

दादा सोसायट्यांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत गेला. साहेबांनी बसवलं, चहा दिला. म्हणाले, "ही खासगी संस्था आहे हो. समानतेचा हक्क सरकारकडे मागायचा, शेजाऱ्यांकडे नाही." दादानं विचारलं, "म्हणजे मी जिन्यापर्यंत नागरिक, आणि वर चढलो की नुसता सभासद?" साहेब हसले. कुत्सितपणे नव्हे.

मग कोर्ट. तारखा पडत राहिल्या. सावंतांना थांबणं शक्य नव्हतं, त्यांनी दुसऱ्याला फ्लॅट दिला. मॅगीबाई घरी आली, त्या दिवशी मी तिथेच होते. चहा तसाच ठेवून ती म्हणाली, "दादा, आता नको. उत्तनला घर हाय आमचं. जिथं दार उघडाया कोर्ट लागतंय, तिथं पोराला न्हाय ऱ्हायाचं." दादा तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेला आणि बराच वेळ वर आला नाही. नंतर कोर्टानंही सांगितलं, फ्लॅट विकला गेलाय, आता वादच उरलेला नाही. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "सुमे, हरलो असतो तरी चाललं असतं गं. पण हो की नाही, ते कुणी सांगितलंच नाही..."

त्यानंतर तो सभांना जायचा, मागे बसायचा. कोर्टात गेल्यापासून इमारतीतल्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ठराव आजही नोटीस बोर्डावर आहे. काच नवी बसवलीय.

गेल्या रविवारी वहिनीकडे गेले होते. मला आवडतात म्हणून तिनं बोंबील आणले होते. तवा तापत ठेवला आणि ती स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेली. खिडकी लागेना. ती कायम उघडी राहावी म्हणून दादानं झडप तारेनं गजाला बांधून टाकली होती, पीळ देऊन देऊन. वहिनी पक्कड घेऊन तो पीळ उलटा सोडवत बसली. "राहू दे ना," मी म्हटलं. "नको गं," ती म्हणाली, "मला आता एकटीला राहायचंय इथं." तार निघाली. तिनं खिडकी लावली, कडी घातली, आणि मग बोंबील तव्यावर सोडले.