लाभ, एक, दोन, तीन

दादाभाऊला मी एकदाच बसलेलं पाहिलं. एरवी हा माणूस चहा उभ्यानं प्यायचा, डबा मोटारसायकलला टेकून खायचा आणि बोलता बोलता खिशातला टेस्टर काढून त्याचं टोपण उघडझाक करत राहायचा. पायाला भिंगरी म्हणतात, ती त्याच्या हातांनाही होती. नारायणगावच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, तिथे तो एसीच्या कामाला यायचा. समोर असा चुळबुळ्या माणूस उभा राहिला की मलाही उगाच आपलं काहीतरी राहून गेलंय असं वाटायला लागायचं, आणि मी त्याच्यावर खेकसायचे.

"दादाभाऊ, बसा ना जरा!"

"बसतो की, रिंकूताई. काम झाल्यावं बसतो."

काम काही कधी व्हायचं नाही.

तो आंबेगावच्या पश्चिमेकडचा, पार डोंगरातला. घरची भातखाचरं, वर थोडी नाचणी-वरई. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला तो खाली उतरला आणि एका बर्फाच्या कारखान्यात लागला. तिथून द्राक्षांच्या शीतगृहांमध्ये गेला. शिकला तो सगळा कानानं आणि हातानं. कॉम्प्रेसरवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ग्यास कमी हाय," नाहीतर "बेरिंग चाललं." जुन्नरपासून मंचरपर्यंत लोक त्याला बोलवायचे ते त्या तळहातासाठी.

दोन हजार पाच साली माझ्या वडिलांनी, म्हणजे पोपटलाल शेठनी, दुकान तीन मजली केलं आणि गच्चीवर एसीचं एक धूड आणून बसवलं. बाजूच्या जाळीतून हवा ओढणार, वरून गरम हवा फेकणार आणि खाली तिन्ही मजल्यांना गारवा देणार. या यंत्राला दादाभाऊच्या तळहाताची गरज नव्हती. बिघाड झाला की आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर एक लाल दिवा लुकलुकायचा. ठरावीक वेळा लुकलुकून थांबायचा, मग पुन्हा तितक्याच वेळा. जेवढा आकडा, तो बिघाड. बिघाड होऊन गेला तरी दिवा आकडा लक्षात ठेवायचा. कोणता आकडा म्हणजे काय याचा तक्ता इंग्रजीत होता, म्हणून तो गल्ल्याच्या काचेखाली माझ्या ताब्यात. मी नुकतीच बी.कॉम. झालेले, त्यामुळे इंग्रजी वाचायचं काम आपोआप माझ्याकडे. दादाभाऊ गच्चीवरून मोबाइलवर आकडा सांगणार, मी खालून अर्थ सांगणार.

"दिव्याला काय कळतंय?" तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. पण पप्पांना दिव्याचं फार कौतुक. "यंत्र स्वतः बोलतंय, दादाभाऊ. तुम्ही फक्त ऐका."

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लगीनसराईत, यंत्र बंद पडायला लागलं. तेही भर दुपारी, वऱ्हाडातल्या पन्नास बायका शालू पसरून बसलेल्या असताना. दुपार कलल्यावर बंद करून चालू केलं की चालायचं. दादाभाऊ मंचरहून यायचा तोवर संध्याकाळचे पाच वाजलेले असायचे आणि धूड गुणी बाळासारखं चालत असायचं. त्यानं गेज लावली, प्रेशर पाहिलं, सगळं ठीक. तळहात ठेवला, काही नाही. शेवटी नाइलाजानं झाकण उघडून दिवा पाहिला.

"तीन," मोबाइलवर तो म्हणाला.

मी तक्ता वाचला. "तीन म्हणजे वीजपुरवठ्यातली एक फेज नाही."

एवढंच वाचलं मी. त्या एका ओळीनं सावळेरामचं नाव मातीत गेलं.

सावळेराम आमच्याकडे नऊ वर्षं होता. निमगाव सावाचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. दुकान उघडणं, गठ्ठे वर नेणं आणि त्या वर्षांमध्ये सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भारनियमन सुरू झालं की जनरेटर चालू करून दुकानाची वीज त्याच्यावर घेणारं चेंजओव्हरचं हँडल फिरवणं, हे त्याचं काम. हँडल पूर्ण बसलं नाही तर एखादी फेज सुटते, हे पप्पांना कुणीतरी सांगितलेलं होतंच. दादाभाऊनं खाली येऊन हँडलचं खोकं उघडलं, तर आतला एक दात थोडा काळवंडलेला निघाला. कुठल्या हँडलचा नसतो? पण त्या दिवशी तो पुरावा ठरला.

"शेठ, हँडल मी नीट वढतो," सावळेराम म्हणाला. "नऊ वरसं वढतोय."

"मग यंत्र खोटं बोलतंय का?" पप्पांनी विचारलं.

यंत्राविरुद्ध काय बोलणार माणूस? पप्पांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पेठेला मात्र कारण लागतं. हँडल अर्धवट का राहतं, तर हात थरथरतो. हात का थरथरतो, तर दुपारी घेतो. चार दिवसांत ही गोष्ट निमगावपर्यंत पोचली. सावळेराम आयुष्यात कधी दारूला शिवला नव्हता, आणि हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले. तक्ता मीच वाचला होता ना.

त्यानंतर आठ दिवस यंत्र एकदाही बंद पडलं नाही. पप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बघा, माणूस बदलला आणि रोग गेला!"

एकट्या दादाभाऊला मात्र चैन नव्हतं. रोज एक फोन. "रिंकूताई, बंद पडलं का वो?" नाही म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला, गच्चीवर गेला, खाली आला, हँडल दहादा फिरवून पाहिलं. त्याला पाहून माझा जीव कासावीस व्हायला लागला.

"आता काय राहिलं?" मी चिडूनच विचारलं.

"फेज गेल्यावं कॉम्प्रेसर घुमतो, ताई. रेड्यावानी. पार खालच्या मजल्यावं ऐकू येतंय. तुमी ऐकला का कंदी?"

नव्हता ऐकला. कुणीच ऐकला नव्हता. त्यानं टेस्टरचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "मंग तीन कसं आलं? लई डोस्कं उठलंय माझं. त्या मानसाचं त्वांड डोळ्यापुढनं हालंना."

नवव्या दिवशी, दुपारी दीडला, यंत्र पुन्हा बंद पडलं. त्या दिवशी सकाळपासून वीज एकदाही गेली नव्हती. हँडलला कुणी हात लावला नव्हता. फोन केला तर दादाभाऊ गावातच होता. गेले आठ दिवस तो काही ना काही निमित्त काढून नारायणगावातलीच कामं घेत होता, हे मला नंतर कळलं. पाच मिनिटांत आला, दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला, आणि मी त्याच्यामागे.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत माझी दादी, उगमबाई, बसली होती. समोर खाटेवर तांदळाचे खिचिया पापड वाळत होते. आणि एसीच्या जाळीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक जुनी जाड चादर अशी चिकटली होती की जणू ती तिथे शिवलेलीच आहे.

"दादी, हे काय?"

"पडदा," दादी शांतपणे म्हणाली. "ते मेलं हवा ओढतं गं. मागे मुगाचे केले तेव्हा चार पापड ओढून नेले त्यानं जाळीवर. तेव्हापासून पडदा लावते. चारला पापड उचलले की काढते. तुमच्या यंत्राला हात नाही लावत मी."

मुगाचे पापड संपले आणि हे खिचिया सुरू झाले, त्यांच्यामध्ये आठ दिवस गेले होते. ते आठ दिवस यंत्र सुरळीत चाललं होतं.

दादाभाऊनं चादर ओढून काढली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं, पण तो आणखीच अस्वस्थ झाला. "हवा अडली म्हंजी प्रेशर चढनार. तक्त्यात किती हाय ते?"

मला तोंडपाठ झालं होतं. "चार. प्रेशर जास्त, हवा अडली आहे का पाहा."

त्यानं घाईघाईनं झाकण उघडलं. दिवा लुकलुकत होता. दोघंही वाकून पाहत राहिलो.

"तीन," तो म्हणाला.

"चार," मी म्हणाले.

"तीन हाय, ताई. नीट बघा."

"तुम्ही बघा नीट! चार आहे!"

पुन्हा मोजलं. पुन्हा त्याचे तीन, माझे चार. आता आमच्यातला एक आंधळा तरी असणार किंवा खोटारडा तरी. मला रागच आला. म्हटलं, मोठ्यानं मोजा, ऐकू द्या मला. तो दिव्यावर डोळे लावून मोजायला लागला.

"लाभ... एक... दोन... तीन."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "लाभ काय?"

"लाभ म्हंजी लाभ. पयलं माप."

"आमच्याकडे लाभ म्हणजेच एक! पप्पा कापड मोजताना म्हणतात ना, लाभ, दोन, तीन."

त्यानं दिव्यावरून नजर काढली. मग हळूहळू, स्वतःलाच सांगावं तसं, म्हणाला, "आमची आई भात मोजायची. पयली पायली देवाची. ती लाभ. ती मोजायची न्हाई, बाजूला ठिवायची. मंग एक." दिव्याकडे बोट करून म्हणाला, "पायलीनं मोजायचं आलं का तोंडातनं आपसूक तेच येतंय. ह्यो दिवाबी तसाच... एक पडली, दुसरी पडली..."

आणि मग तो खाली बसला. तापलेल्या गच्चीवर, उन्हात, मांडी घालून. हात पहिल्यांदाच रिकामे होते. हातात टेस्टर नव्हता.

"एक देवाला दिली," तो म्हणाला, "आन मानूस घालवला."

मला हसूही येईना, रडूही येईना. नऊ वर्षं घरात वावरलेला माणूस आम्ही एका पायलीच्या हिशोबावर काढून टाकला होता. माझीही चूक तेवढीच होती. मला जिना चढून एकदा स्वतः दिवा पाहता आला असता.

पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली मापाची पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या निरोप पाठवू त्याला."

"उद्या न्हाई, शेठ," दादाभाऊ म्हणाला. तो पुन्हा उभा होता आणि दारापर्यंत पोचलाही होता. "आत्ता. आन निरोप न्हाई, तुमी चला. नाव तुमच्या दुकानातनं गेलं, दुकानानंच न्हेऊन दिलं पायजे."

पप्पांना असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांनी गाडीची किल्ली घेतली. दादी म्हणाली, मलाही न्या. पर्युषणात आपण जैन क्षमा मागतोच, पण त्याची वाट कशाला बघायची, आजच मागते.

सावळेराम निमगावात पिठाच्या गिरणीवर लागला होता. गिरणीत बायकामाणसं डबे घेऊन उभी, आणि तो पिठानं पांढरा झालेला. पप्पा काही बोलायच्या आत दादाभाऊच पुढे झाला आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "मंडळी, ऐका. ह्या मानसानं हँडल कंदी चुकीचं वढलं न्हाई. ह्यो पीत न्हाई. मोजायला मी चुकलो. मी, दादाभाऊ मेकॅनिक."

दादीनं हात जोडले. पप्पांनीही जोडले आणि त्याला कामावर परत यायची विनंती केली. मग चादर, पापड, लाभ, सगळं सांगितलं.

सावळेरामनं गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत तो थांबला.

"चादर व्हय," तो म्हणाला. "मला ठावं व्हतं की. बाईंची खाट रोज बारा वाजता मीच वर न्यायचो. चादर मीच बांधून द्यायचो. दुपारी वर काय असतंय, येवढं इचारलं असतं तरी सांगितलं असतं." त्यानं हात पुसले. "तुमी दिव्याला इचारलं. मला कुनी इचारलंच न्हाई."

सावळेराम परत आला नाही. राग धरून नव्हे. दिवाळीला यायचा, दादीच्या पाया पडायचा, माझ्या लग्नातही राबला. पण हँडलला त्यानं पुन्हा हात लावला नाही, आणि पप्पांनीही त्याला पुन्हा आग्रह केला नाही.

दादाभाऊची चुळबुळ काही कमी झाली नाही. पुढे सगळीकडे तसलीच दिव्याची यंत्रं आली, हॉस्पिटलं झाली, मंगल कार्यालयं झाली, आणि त्याला उसंत अशी मिळालीच नाही. दोन-तीन वर्षांनी मी माहेरी आले होते, तेव्हा तो आमच्याच गच्चीवर काम करत होता. झाकण उघडून दिव्यावर डोळे लावलेले, ओठ हलत होते. मी मुद्दाम मागे जाऊन उभी राहिले, आता तरी नीट मोजतो का ते ऐकायला.

"सावळेराम... दोन... तीन..."

पहिल्या लुकलुकीला तो ते नाव घेत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी त्याला दिसू दिलं नाही. त्यानं झाकण लावलं, टेस्टर खिशात टाकला आणि गठ्ठे घेऊन जिना चढणाऱ्या नव्या माणसाकडे वळला.

"या पावणं, जरा बसा हितं," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मला आदी सांगा, दुपारचं वर कोन-कोन येतंय?"