सेफिना यायच्या आधीची धूळ

त्रायान्का आत्या गेली तेव्हा लोक म्हणाले, शांत झाली बिचारी. म्हणोत बापडे. आत्या आणि शांत, हे तिला ओळखणाऱ्या कुणाला पटायचं नाही. चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेली तरी खाली सांडलेलं मेण नखाने खरवडत बसायची. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्लात तिच्या घरात बूट घालून शिरायची पाद्र्याचीसुद्धा टाप नव्हती.

घराच्या समोरच पोलादाचा कारखाना, त्याच्यामागे समुद्र. वारा तिकडून आला की खिडकीच्या कडेला काळी धूळ बसायची. गल्लीतल्या बाकीच्या बायका सकाळी एकदा फडकं मारायच्या आणि विषय सोडून द्यायच्या. आत्याचं तसं नाही. चुलीवर कॉफी ठेवायची, तेवढ्यात खिडकी पुसून येऊ म्हणायची, कॉफी उतू जायची, की चूल पुसत बसायची. नवरा ब्लागोया त्याच कारखान्यात भट्टीवर. तो हसायचा, म्हणायचा, "मी धूळ करतो, ही पुसते. दोघांना काम आहे, देवाची कृपा आहे."

मग ब्लागोया गेला. त्या हिवाळ्यातच आत्या न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरने खुबा बदलला आणि बजावलं, वाकायचं नाही, जड ओढायचं नाही. मुलगा गोरान ब्रिस्बेनहून धावत आला.

"आई, माझ्याकडे चल. खाली तुझ्यासाठी खोली काढलीय."

"तिथे मी काय करू?"

"काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

झालं. नुसतं बसायचं म्हटल्यावर आत्या बिथरली. भांडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. शेवटी गोरानने एक अट घातली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी कामाला बाई पाठवतात, तशी बाई दर गुरुवारी येईल, साफसफाई ती करील. ते नीट चाललं तर राहा. बाई यायची बंद झाली किंवा तू पुन्हा पडलीस, की घर विकायचं.

आत्या हो म्हणाली. तिला वाटलं, यात काय अवघड आहे.

बाई आली ती सेफिना. सामोआची, पन्नाशीची, दारातून आत आली की दार भरून जायचं. रविवारी चर्चमध्ये गायची आणि बाकीचे दिवस लोकांच्या घरात गायची. पहिल्याच दिवशी आत्याने तिच्यासमोर आपला जुना व्हॅक्यूम आणून ठेवला. लोखंडी, डुकरासारखा गोल, आणि वायरीला ब्लागोयाने तीन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळलेली.

सेफिनाने त्याच्याकडे बघितलं आणि हात मागे घेतले. "आजी, ह्याला मी हात लावायची नाही."

"का? चांगला ओढतो."

"हो, मलाच ओढून नेईल. आम्हाला घरातलंच मशीन वापरावं लागतं, पण वायर फाटकी असली तर वापरायचं नाही असा नियम आहे. ऑफिसात कळलं तर माझी नोकरी जाईल. तू नवं घे."

"ही पट्टी माझ्या नवऱ्याने लावलीय."

"देव त्याचं भलं करो, पण तू नवं घे."

तोवर सेफिना हाताने झाडून पुसून घ्यायची. पण खरी गोष्ट वेगळीच होती. झाडायला काही असायचंच नाही. गुरुवार उजाडला की आत्या पहाटेच उठायची, तो डुकरासारखा व्हॅक्यूम भिंतीला धरत धरत बाहेर काढायची आणि सगळं घर फिरवायची. मॅसेडोनियाहून, गावाकडून आणलेला लोकरीचा गालिचा, जो जाड म्हणजे किती जाड, तोसुद्धा. खुबा ठणकायचा. मग दुखरी जागा चोळत खुर्चीत बसायची आणि सेफिनाची वाट बघायची, जशी काही रात्रभर झोपूनच होती.

कारण साधं होतं. आत्याने स्वतः उभं आयुष्य लोकांची घरं साफ केली होती. टेकडीवरच्या साहेबलोकांच्या घरी चार बायका मिळून जायच्या, आणि दुपारी डबा खाताना कुणाच्या पलंगाखाली काय सापडलं याच्यावर हसून हसून पुरेवाट व्हायची. आत्या तर नक्कल करून दाखवायची. आता तिला रात्री बिछान्यात पडल्या पडल्या वाटायचं, ही सेफिना कुठेतरी तिच्याकडचा तारोचा कंद खात बसली असेल आणि चार बायकांना सांगत असेल, त्या मॅसेडोनियन म्हातारीच्या सोफ्याखाली बघा काय होतं. की लगेच उठून सोफ्याखाली बॅटरी मारून बघायची.

मग एका गुरुवारी सेफिना म्हणाली, आज झाडणं नको, आज दुकानात जाऊ, खरेदीला नेणंही माझ्या कामात येतं. दोघी शेजारच्या वॉरावाँगला गेल्या. दुकानात नेव्हिल नावाचा टकला माणूस होता. त्याने विचारलं, "वापरणार कोण?"

"ही," आत्या म्हणाली.

"मी," सेफिना म्हणाली, त्याच वेळी.

नेव्हिलने दोघींकडे वरून खाली बघितलं. एक त्याच्या खांद्याला लागत होती आणि एकीच्या खांद्याला तो लागत होता. "मग कठीण आहे," म्हणाला.

सेफिनाने एक भलं मोठं मशीन धरलं, चाकावरचं, लांब नळीचं. नळी वर खाली सरकवली, सरळ उभी राहून ओढून बघितलं. "माझ्या पाठीला हे बरं. गालिच्यावर पण हेच चालेल. बटण पायाने दाबायचं, वाकायला नको."

आत्याने ते उचलून बघितलं, जागचं हललं नाही. तिने तोंड वाकडं केलं. "हे काय मशीन झालं, म्हैस आहे. ते बघ, ते हलकं." बॅटरीवर चालणारं काठीसारखं एक होतं. तिने ते उचललं, चालू केलं, आणि काय सांगू, दुकानात नमुन्याचा सोफा मांडला होता तिथे गेली, काठी आडवी केली, एक पाय मागे टाकला, खुब्यावरच वाकली आणि सोफ्याच्या खालून सर्रकन फिरवून आणली. मग कोपरा. मग दुसरा कोपरा. नेव्हिल बघतच राहिला.

"आजी," सेफिना म्हणाली, "बंद कर ते."

आत्याने बंद केलं.

"म्हणजे गुरुवारी मी यायच्या आधी तू झाडतेस."

"कोण म्हणतं?"

"तुझा पाय म्हणतोय. बघ कसा थरथरतोय."

आत्या नमुन्याच्या सोफ्यावर बसली. बसली आणि हाताने त्याच सोफ्यावरचा धागा काढायला लागली. सेफिना तिच्याशेजारी बसली, सोफा तिच्या बाजूला खचला.

"ऐक. ऑफिसने मला विचारलं, ह्या बाईकडे काम किती आहे. मी काय सांगणार? खरं तेच सांगितलं. म्हटलं, घर आरशासारखं असतं, मी नुसती गाणी म्हणते. ते म्हणाले, मग तिचा वार दुसऱ्या कुणाला देऊ."

आत्याचा हात थांबला. "कधी?"

"ठरलेलं नाही. मी अजून सांगू शकते. पण खोटं नाही सांगणार. काम दिसलं तर सांगीन काम आहे."

आत्या उठली. दुकानात एक चक्कर मारली, फ्रिजच्या रांगेतून, टीव्हीच्या रांगेतून, परत आली, परत गेली. डोळ्यासमोर ब्रिस्बेनची ती खालची खोली, आणि खोलीत खुर्ची, आणि खुर्चीत आपण. परत येऊन विचारलं, "तुम्ही बायका डबा कुठे खाता?"

"गाडीत. एकटीच खाते. का?"

"कुणाला सांगत नाहीस? लोकांच्या घरचं?"

सेफिनाला आधी समजेना. मग समजलं आणि ती इतकी हसली की नेव्हिल पुन्हा आला. "सांगते ना. नवऱ्याला सांगते. सांगते की एक म्हातारी आहे, तिच्या घरी धूळच नाही, मला भीती वाटते तिची."

आत्याने काठी जागेवर ठेवली. म्हशीवर हात ठेवून नेव्हिलला म्हणाली, "हे दे. मला उचलता येत नाही, तेच दे."

सेफिनाने त्याच दिवशी नवं मशीन घरभर फिरवून बघितलं आणि जुना व्हॅक्यूम बाहेर कचऱ्याला ठेवला. वायरीवरची काळी पट्टी मात्र आत्याने आधी सोडवून घेतली आणि खणात टाकली.

पुढचा गुरुवार आला. आत्याने आयुष्यात इतकं जड काम केलं नव्हतं. पहाटे उठली. गालिच्यावर पावाचा चुरा दिसत होता. खिडकीखाली काळी रेघ. खुर्चीत बसली. उठली. बसली. हात मांडीखाली घातले. स्वयंपाकघरात जाऊन लाल मिरच्या भाजायला घेतल्या, तिथूनही चुरा दिसायला लागला, म्हणून दार लावून घेतलं. दारापलीकडे आहे हे माहीत होतं ना, म्हणून परत उघडलं. गोरानचा फोन आला, "आई, काय करतेस?" म्हणाली, "बसलेय." तो घाबरला, म्हणाला, "बरं आहे ना तुला?"

सेफिना आली. चुरा बघितला, खिडकी बघितली, गाणं सुरू केलं. मग कोपऱ्यातून मशीन बाहेर ओढलं आणि गाणं थांबलं. मशीन लखलखत होतं. नळी व्हिनेगरने पुसलेली, चाकांतले केस काढलेले, आतली टाकी धुऊन सुकवलेली.

"आजी."

"ते उचलावं लागत नाही," आत्या म्हणाली. "बसून पुसता येतं."

तसंच चाललं मग, कितीतरी गुरुवार. ऑफिसने वार काढून घेतला नाही. गोरान वर्षातून दोनदा यायचा, धूळ बघायचा आणि नवल करायचा. सेफिना झाडताना आत्या तिच्या मागे मागे फिरायची, "तिथे राहिलं, त्या पायाजवळ," आणि सेफिना म्हणायची, "म्हातारे, बस खाली, नाहीतर तुलाच ओढून घेईन यात." आत्या बसायची. मनात दहादा उठून परत बसायची, पण बसायची.

गेली ती स्वतःच्या बिछान्यात, त्याच घरात, सोमवारी सकाळी. आमच्याकडे माणसाला पुरून येईपर्यंत घर झाडत नाहीत, म्हणून गुरुवारी दफन होईस्तोवर सगळे चुरा तुडवत फिरत होते. दफनाहून लोक परतले तर सेफिना दारात उभी, काळ्या झग्यात. तिने मशीन काढलं, लोकरीचा गालिचा झाडला, सोफ्याखाली झाडलं, त्या पायाजवळ पण झाडलं. गायली नाही. मग जमिनीवर बसकण मारून व्हिनेगरचं फडकं मागितलं आणि नळी पुसायला घेतली.