ब्रेकव्हॅनमधून आलेला समुद्र

मामाजी, म्हणजे माझे सासरे, घरात उभे राहिले तरी पाय फाकवून उभे राहायचे. रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात, हलत्या ब्रेकव्हॅनमध्ये गेलेली. नागपुरात जरीपटक्यातल्या आमच्या घराची फरशी हलत नाही, यावर त्यांच्या पायांचा कधी विश्वास बसला नाही. जेवणही घाईचं. हात धुतला की मनगटावरच्या घड्याळात बघायचे. गाडी कुठलीच नसायची.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्हाला कळलं की या माणसाला घर माहीतच नाही. साखरेचा डबा कोणता, दूधवाला कधी येतो, सासूबाईंना काय पचत नाही, कशाचाच पत्ता नव्हता. घर माझ्या हातात होतं आणि नीट चाललं होतं. ते दारात खुर्ची टाकून बसायचे. मी झाडत आले की पाय वर घेऊन विचारायचे, "मी मधात तर नाही येऊन राहिलो ना, सूनबाई?" मी नाही म्हणायची. खरं तर येत होते.

अशात एक दिवस जेवताना त्यांनी सांगून टाकलं, की आपण समुद्रातले मासे पाळायचे. कधीतरी मुंबईला गेले असताना एका दुकानात पाहिले होते, ते डोक्यातून गेले नव्हते. आमच्या ह्यांनी सुचवलं, की साधे लाल मासे बर्डीच्या बाजारात मिळतात, नळाच्या पाण्यात राहतात. मामाजी म्हणाले, ते तर कोणीही पाळते.

नागपुरात समुद्र आणायचा म्हणजे थट्टा नव्हे. पण गार्ड लोकांची एक साखळी असते. मुंबईहून निघालेला गार्ड भुसावळला उतरतो, तिथे दुसरा चढतो, आणि पहिला त्याला गाडीबरोबर ब्रेकव्हॅनमधल्या सामानाचाही चार्ज देतो. मामाजींचं पाणी असंच आलं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये समुद्र, हातोहात, अगदी सरकारी शिस्तीत. ते सायकल घेऊन स्टेशनवर जायचे आणि कॅन कॅरियरला बांधून सायकल हातात धरून चालत यायचे. मागाहून मासेही आले, हवा भरलेल्या पिशव्यांतून. काही निळे, आणि पांढऱ्या पट्ट्यांची एक नारंगी जोडी. सारा मोहल्ला पाहून गेला. शेजारच्या बाईंनी, खाता येतात का, एवढंच विचारलं.

तो हिवाळा मामाजींचा होता. त्यांनी घरातल्या प्रत्येकाला ड्यूटी लावली. मुलांनी खाणं टाकायचं, ह्यांनी हवेचा पंप साफ करायचा, सासूबाईंनी दिवा लावायचा. मला ड्यूटी नव्हती. मला म्हणाले, तुमच्याकडे आधीच फुल लोड आहे. संध्याकाळी सगळे माशांच्या काचेच्या टाकीपुढे बसायचे आणि मधोमध मामाजी. आपण मधात येतो का, हे त्यांनी त्या हिवाळ्यात एकदाही विचारलं नाही.

पाण्याबाबत त्यांचा एकच नियम होता. समुद्राच्या घरात समुद्राचंच पाणी. टाकीतलं पाणी उतरलं की कॅनमधलं घालायचं. नळाचा थेंब चालणार नाही. काचेच्या कडेला पांढरं मीठ धरायचं, तेही ओल्या फडक्याने पुसून पुन्हा टाकीतच पिळायचे. म्हणायचे, "ज्याची वस्तू त्याले गेली पाहिजे."

मग उन्हाळा आला. मासे गरमीने मरतील म्हणून मामाजींनी टाकी थेट कूलरपुढे मांडली. घरात दुपारी पाठ टेकण्याची तेवढीच जागा होती. ती माशांना गेली. शेजारच्या बाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "काहून वं, आमच्या बुढ्याले नाही मिळत इतका कूलर, अन् तुमची मासोळी हवा खाऊन राहिली." कूलरच्या वाऱ्याने पाणी आणखीच भराभर उतरायचं. मामाजी आणखी कॅन मागवायचे आणि टाकी काठोकाठ ठेवायचे.

पहिला निळा मासा गेला तेव्हा आम्ही उन्हाला दोष दिला. मग एकामागून एक जायला लागले. वीज गेली आणि पंप बंद पडला, की आम्ही पेल्याने पाणी उचलून वरून ओतत बसायचो, म्हणजे हवा मिसळेल. मीसुद्धा ओतलं. माणसाला ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवता येते, डॉक्टरकडे नेता येतं. माशाचं काय करायचं? तो काचेपलीकडे तोंड उघडतो आणि मिटतो, आणि आपण बघतो. मामाजी तर टाकीसमोरून उठेनात. जेवणाचं ताट तिथेच द्यावं लागे. शेवटी त्यांनी गार्डांच्या साखळीतून मुंबईच्या त्या दुकानदाराला निरोप धाडला, की मासे मरून राहिले, काय करू?

उत्तर आलं ते नव्या कॅनबरोबर. मामाजी तो घ्यायला स्टेशनवर गेले होते, तेव्हाच इकडे टाकीतला शेवटचा मासा, नारंगी जोडीतला उरलेला, उलटा होऊन वर आला. सासूबाई म्हणाल्या, त्यांना येऊ दे, पाहू दे. मी थांबले नाही. मासा काढला, अंगणातल्या पपईखाली पुरला आणि हात धुऊन स्वयंपाकाला लागले.

मामाजी घामाघूम होऊन आले. रिकाम्या टाकीकडे पाहिलं. कॅन खाली ठेवला, पण त्याच्या मुठीवरचा हात काढला नाही. गार्डाने सांगितलेला निरोप त्यांनी आम्हाला जसाच्या तसा सांगितला. उन्हात उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. वरून समुद्राचं पाणी घालत गेलं की मीठ वाढत जातं. उतरलं तेवढं साधं पाणी घालायचं होतं.

"आपल्या नळाचंच चाललं असतं, सूनबाई," ते म्हणाले.

आमच्या ह्यांनी दुसरे मासे मागवू म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. टाकी त्यांनी स्वतःच उपसली, पुसली आणि माळ्यावर ठेवायला लावली. मामाजी त्यानंतर बरीच वर्षं होते, पण माशांचं नाव त्यांनी काढलं नाही.

टाकी वर गेली त्या दुपारी मी तांदूळ निवडून नुकतीच उठत होते. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. तिथे ते सहसा येत नसत.

"मले काही काम सांग," ते म्हणाले. मला ते नेहमी अहोजाहो करत.

मी चारी बाजूंना पाहिलं. कूलर भरून झाला होता. कपडे वाळत होते. दूध तापवून झालं होतं. भाजी चिरलेली होती. मला घर असंच लागतं, कुठे काही बाकी नको. मी निवडलेले तांदूळ डब्यातून पुन्हा सुपात ओतले आणि त्यांच्यापुढे ठेवले. ते भिंतीला टेकून बसले, चष्मा लावला, आणि नसलेले खडे शोधू लागले.