शिडाच्या कापडाची गाडी

"गाडयेपेक्षा चलवणारोच जड!"

मांगराच्या, म्हणजे होड्या बांधायच्या छपराच्या, कुडापलीकडून हे ऐकू आले आणि पाठोपाठ हसणे. बोलणारे होते म्हातारे मेस्त, मिठबावच्या खाडीकाठी होड्या बांधणारे. ज्यांच्याविषयी ते बोलले ते माझे धाकटे काका, आणि ते मेस्तांच्या समोरच उभे होते. मी कुडाच्या अलीकडे एक जुने इंग्रजी मासिक छातीशी धरून उभी होते. आत जावे, की हसणे संपेपर्यंत थांबावे? मी थांबले. बहुतेक वेळा मी थांबतच असे.

"माझा वजन माझ्या आवशीन वाढवल्यान," काका म्हणाले. "गाडयेचा काय ता तुमी बघा."

ही साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी बेळगावच्या बोर्डिंगातून शेवटची परीक्षा देऊन घरी आले होते. घरी मला काम असे नव्हते. माझ्यासाठी स्थळे बघणे चालू होते, पण ते काम इतरांचे होते. काकांनी मात्र माझा एक उपयोग शोधून काढला. ते काही वर्षे मुंबईत मोटारींच्या कारखान्यात होते आणि परतताना कपड्यांपेक्षा जास्त जुनी इंग्रजी मासिके घेऊन आले होते. विलायतेत लोक घरच्या घरी शर्यतीच्या छोट्या मोटारी बनवत, त्यांची चित्रे आणि माहिती त्यांत असे. चित्रे काकांना कळत. शब्दांसाठी मी. मी एक परिच्छेद मनात वाचायची आणि मराठीत सांगायची. कागदावरून नजर उचलावी लागत नसल्यामुळे मला ते काम आवडले.

सगळ्या लेखांचे सार एकच होते: वजन काढा. ताकद वाढवण्याच्या मागे लागू नका, ओझे कमी करा. काकांनी हे मनावर घेतले. चाके मोटारसायकलची. सांगाडा लोखंडी नळ्यांचा. पत्र्याची बॉडी त्यांना जड वाटली म्हणून त्यांनी मेस्तांना गाठले. मेस्तांनी उंडीच्या लाकडाच्या बारीक फासळ्या वाकवून होडीचाच एक सांगाडा केला आणि त्यावर जुन्या शिडाचे कापड ताणून बसवले. वरून होडीला लावतात तो चंद्रूस, राळेचे रोगण. कापड वाळले की ढोलासारखे वाजे. गाडी पुढून निमुळती आणि मागून गोल होती. मासळी घेऊन जाणाऱ्या बायका मांगरापाशी थांबून बघत.

"गे बाय माझे, ही गाडी की टोपली?"

"ह्येतूर म्हावरा भरून दी रे, बाजारात पयली पोचतलंय!"

काका हसून पुन्हा गिरमिट हातात घेत. जिथे जिथे लोखंड होते तिथे तिथे ते भोके पाडत. पेडलला भोके, बैठकीच्या पट्ट्यांना भोके, हँडब्रेकच्या दांड्याला भोके.

"चाळण करतास काय रे?" मेस्त विचारत.

"वजन काढतंय."

"वजन काढून कोणाचा भला झाला?" मेस्त म्हणत आणि आपल्या कामाला लागत.

प्रश्न इंजिनाचा होता. ते काकांचे नव्हते. माझ्या वडिलांनी एका डॉक्टरची मोडकी छोटी मोटार विकत घेऊन तिचे इंजिन विहिरीवर बसवले होते. नव्या आंब्याच्या कलमांना उन्हाळ्यात पाणी घालायला ते लागे. काकांनी ते मागून घेतले तेव्हा विहिरीवर पुन्हा रहाट आला आणि गडी कुरकुरू लागले. वडील देवगडच्या कोर्टात वकिली करत आणि घरातही कोर्टातल्यासारखे शुद्ध बोलत. भावाला ते तोडून काही बोलले नाहीत. त्यांनी एक अट घातली.

माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, दर वर्षी मे महिन्यात कोल्हापूरहून आपल्या मोठ्या मोटारीतून येत. आंबे खात आणि जेवताना, सुपारी कातरताना, झोपायला जाताना मोटारीचे गुण सांगत. वडील काकांना म्हणाले, "त्यांच्या गाडीला पुळणीवर हरवून दाखव. हरवलंस तर इंजिन तुझं, मी विहिरीला दुसरं बघेन. नाहीतर ते विहिरीवर जाईल आणि या घरात पुन्हा मोटार बांधण्याचं नाव निघणार नाही."

काका लगेच "बरं" म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले की ते स्वतः गाडीत बसले की मागची चाके वाळूत रुततात.

मेस्तांचा विनोद त्या दिवसाचा. मी आत गेले तेव्हा काका माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्या निम्म्याने भरले असते. मेस्तांनी हातातली दोरी उचलली, माझ्या खांद्यांची रुंदी लांबूनच मापली आणि म्हणाले, "हां. ह्या चेडू बसात." आईने खूप आढेवेढे घेतले. लग्नाची मुलगी, चार लोकांत, मोटारीत. शेवटी डोक्याला रुमाल आणि डोळ्यांना काळा चष्मा लावायचा, म्हणजे कोणी ओळखणार नाही, असे ठरले. गावात मोटार चालवू शकणारी दुसरी मुलगी नव्हती, तेव्हा न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. पण आईचे समाधान झाले.

मी शिकले ती ओहोटीच्या वेळी. पाणी मागे गेले की मिठबावची पुळण ओली, सपाट आणि घट्ट होते. काका बाजूने धावत सूचना द्यायचे आणि लवकरच मागे पडायचे. मग वाऱ्याचा आणि कापडाचा आवाज तेवढा उरायचा. गाडी इतकी हलकी होती की बंद पडली तर काका मला आत बसवूनच एका हाताने ढकलत परत आणत. मला त्या गाडीबद्दल काय वाटत होते ते मी कोणाला सांगितले नाही. विचारलेही नव्हते कोणी. एवढेच सांगते, की त्या दिवसांत मी सकाळी उठून आधी भरती-ओहोटीची वेळ बघत असे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी काकांनी गाडी मेस्तांच्या मांगरात ठेवली, चंद्रुसाचा शेवटचा हात मारायला.

दुसऱ्या दिवशी पुळणीवर जत्रेसारखी गर्दी झाली. डोंगरीच्या कातळापासून निघायचे, खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या काठीला वळसा घालायचा आणि परत कातळापाशी यायचे. आतोबांनी मोटार धुऊन पुसून आणली होती. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "भिऊ नकोस हां. मी हळूच चालवीन."

निघण्याआधी गाऱ्हाणे घालायचे होते. ते मेस्तांनीच घातले. नारळ पुढे ठेवून, हात जोडून, त्यांनी आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू शिडाची गाडी घेवन तुझ्या पायाकडे इला हा, तेका सुखरूप ने आणि सुखरूप हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"कोल्लापुरात्सून पावणो इलो हा, तेचीव गाडी सांभाळ, पण जरा मागसून सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जास्त जोरात झाले. आतोबासुद्धा हसले.

वडिलांनी रुमाल खाली आणला आणि आम्ही निघालो.

पहिल्या काही क्षणांतच मला काहीतरी वेगळे जाणवले. एरवी क्लच सोडला की गाडी हाताखालून निसटायची. त्या दिवशी ती उठली, पण झोपेतून उठल्यासारखी. मला वाटले वाळू मऊ असेल. मग वाटले इंजिनात कचरा आला असेल. पण इंजिनाचा आवाज साफ होता. आतोबांची मोटार डाव्या बाजूला बरोबरीने चालली होती. एव्हाना ती मागे पडलेली असेल असे आम्ही गृहीत धरले होते. काठीपाशी मी नेहमीसारखी उशिरा वळले. पण गाडीचा मागचा भाग नेहमीसारखा आला नाही. तो बाहेर ओढत गेला आणि मी ओल्या वाळूत मोठा वळसा घेऊन परत लागले. आतोबा काठीला लागून आखूड वळले होते. परतीच्या वाटेवर मी त्यांना गाठत आणले, त्यांच्या मागच्या चाकापर्यंत, मग दारापर्यंत. कातळ आला तेव्हा त्यांच्या मोटारीचे नाक पुढे होते. हे मी नीट पाहिले. वाद घालण्यासारखे काही नव्हते.

लोक ओरडत धावत आले. आतोबा खाली उतरून सगळ्यांशी हात मिळवू लागले. वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि काकांना म्हणाले, "उद्या गड्यांना पाठवतो. इंजिन उतरवून दे."

काका माझ्याजवळ आले. मी अजून बैठकीतच होते. नेहमीप्रमाणे त्यांनी गाडी बाजूला घ्यायला मागे एक हात लावला आणि ढकलले.

गाडी हलली नाही.

त्यांनी दोन्ही हात लावले. मग खाली वाकले, माझ्या पाठीमागे हात घातला आणि एक गोटा बाहेर काढला. काळा, गुळगुळीत, नारळाएवढा. तो जुन्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता, खडखडू नये म्हणून. मग दुसरा. बैठकीच्या फळीखाली आणखी होते, एकमेकांना चिकटून, नीट रचून बसवलेले.

काका गोटा हातात धरून सरळ उभे राहिले. मेस्त गर्दीत पुढेच होते. त्यांनी लपायचा प्रयत्न केला नाही.

"नीरम घातलंय," ते म्हणाले.

होडी पाण्यात डोलू नये, कलंडू नये, म्हणून तिच्या तळाशी जे वजन ठेवतात त्याला नीरम म्हणतात. तिथल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होते.

"कित्याक?" काकांचा आवाज फुटला. "मेस्तानू, दोन वरसां मी भोकां पाडून वजन काढतंय, आणि तुमी धोंडे भरतास?"

"आतमदी चेडू बसतलां," मेस्त म्हणाले. "गाडी सुपासारकी. चेडू ता असा. वारो इलो आणि उलाटली तर? नवी होडी रिती कोण सोडता? माझ्या बापाशीन सोडूक नाय, मी सोडूचंय नाय."

"ही होडी आसा?"

"बांधलंय मी. माका दुसरा काय बांधूक येता?"

कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले. काका हसले नाहीत. त्यांनी गोटा वाळूत टाकला आणि ते वडिलांकडे वळले. "भाऊनू, ही शर्यत धरू नकात. पुन्हा होवूक व्हयी."

"हरलेल्याला कारणं भरपूर," आतोबा म्हणाले. ते मजेत होते. "उद्या मी म्हणेन माझ्या डिकीत फणस होते."

"फणस होतेच," मागून आत्या म्हणाली. "सकाळी मीच ठेवले. ते काढायला कोणाला वेळ होता?"

पुन्हा हसणे झाले. वडिलांनी हात वर केला आणि ते थांबवले. ते एकदा दगडांकडे बघत होते, एकदा मेस्तांकडे. मेस्तांचे तोंड उतरले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि तिचा काठ दुमडत होते. माझ्या मनात त्या वेळी राग होता की आणखी काही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पाठीला ते दगड आता जाणवत होते. ज्याने ते रचले होते त्याने प्रत्येक गोट्याची टोकाची बाजू माझ्यापासून दूर फिरवली होती.

"दगड आपल्याच माणसानं घातले," वडील काकांना म्हणाले. "त्यात पाहुण्यांचा दोष नाही. तू हरकत घेऊ शकत नाहीस."

"मग कोण घेवचो?"

"बैलगाड्यांच्या शर्यतीत आपल्याकडे काय रीत आहे? हरकत मालक घेत नाही. हाकणारा घेतो. त्यानं घेतली नाही, तर शर्यत झाली."

मग सगळे माझ्याकडे वळले. मासळीवाल्या बायका, गडी, आत्या, आई, टोपी हातात घेतलेले मेस्त. एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्याकडे कधीच पाहिले नव्हते. डोळ्यांवरच्या चष्म्याचा मला काही उपयोग होत नव्हता, म्हणून मी तो काढला. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते गाडीच्या कापडावर बोटे टेकवून उभे होते, आजारी माणसाच्या कपाळावर टेकवावीत तशी. ओहोटीचे पाणी अजून लांब होते. पुळणीवर आमच्या चाकांचे माग तसेच होते. माझा मोठा वळसा त्यांत स्पष्ट दिसत होता.

आई हळूच म्हणाली, "उतर आता बाळ, घरी चल."

वडील वाट बघत होते. कोर्टात साक्षीदाराची बघत असतील तशी, घाई न करता.

मी म्हटले, "काका, दगड काढा. आतोबा, फणस उतरवून गाडी वळवून घ्या. या खेपेस मी एकटीच बसणार आहे."